आधी पुसा, मग चोळा : एअर फ्रायरमधलं झटपट मसालेदार चिकन

एअर फ्रायर घरात आला की पहिले दोन-तीन दिवस बटाट्याच्या फिंगर चिप्स आणि पापड होतात, मग कुणीतरी म्हणतं, चिकन करून बघू या. रश्शासाठी आणलेलं चिकन फ्रिजमध्ये असतंच. त्याला नेहमीच्या सवयीने वाटीभर दही, आलं-लसूण, तिखट, हळद, लिंबू असं सगळं लावलं जातं, तासभर मुरवलं जातं आणि बास्केट भरून आत सारलं जातं. वीस मिनिटांनी बाहेर येतं ते ना धड भाजलेलं, ना धड शिजलेलं. तळाशी पाणी सुटलेलं, वर मसाल्याचा ओला थर, आत तुकडा कोरडा. मग यंत्राला नावं ठेवली जातात आणि ते टोस्ट गरम करण्यापुरतं उरतं. यात दोष यंत्राचा नसतो. रश्शाच्या चिकनची तयारी आणि भाजायच्या चिकनची तयारी वेगळी असते, एवढंच लक्षात घेतलं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, ऑफिसातून आल्यावरही, अर्ध्या तासात उत्तम मसालेदार चिकन ताटात येतं.

आधी यंत्राचं काम समजून घेऊ. फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात एअर फ्रायर बाजारात आणला. आज डझनभर कंपन्यांची यंत्रं मिळतात, पण आतली रचना साधारण तीच आहे. वर तापणारी कॉइल, तिच्यावर जोरात फिरणारा पंखा, खाली जाळीची बास्केट. यात काही तळलं जात नाही. ही छोटी, वेगवान भट्टी आहे. वारा असेल तर धुतलेले कपडे जसे लवकर वाळतात, तसं इथे पंख्याचा वारा चिकनवरची वाफ सतत उडवून नेतो आणि गरम हवा थेट मांसाला भिडते. ओव्हनपेक्षा वेळ कमी लागतो तो याचमुळे.

आता पाण्याचा हिशोब. चिकनचा पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही, कारण येणारी सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. आपल्याला हवा असतो तो तांबूस रंग आणि भाजल्याचा खमंगपणा साधारण १४० अंशांच्या पुढे भराभर येऊ लागतो. प्रथिनं आणि साखरेचे अंश यांच्यातल्या या प्रक्रियेचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ साली केलं. म्हणजे पृष्ठभाग जितका कोरडा, तितकं भाजणं लवकर सुरू होणार. ओल्या चिकनचा पृष्ठभाग सुकेपर्यंत आतलं मांस जास्त शिजून चामट झालेलं असतं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. एअर फ्रायरच्या बहुतेक पाककृती युरोप-अमेरिकेतून आलेल्या आहेत आणि तिथे चिकन त्वचेसकट मिळतं. त्वचेखालची चरबी वितळते, मांस ओलसर ठेवते आणि त्वचा कुरकुरीत होते. म्हणून त्या पाककृतींत तेल जवळपास नसतं. आपल्याकडचा चिकनवाला मात्र न सांगता त्वचा सोलून देतो. त्या उघड्या मांसावर बिनतेलाची पाककृती चालवली की तुकडे सुकून जातात. तेव्हा पाव किलोला दीड छोटा चमचा तेल लावायला मागेपुढे पाहू नका. तळणीच्या मानाने ते किती कमी आहे हे वेगळं सांगायला नको. त्वचेसकट चिकन हवं असेल तर आधी सांगून ठेवावं लागतं. बरेच दुकानदार देतात, फक्त पिसांची मुळं नीट काढलेली आहेत ना ते पाहून घ्या. परदेशात राहणाऱ्या वाचकांना उलट सल्ला: त्वचेसकट तंगडी असेल तर वरून तेल अगदी बोटभर पुरे.

दुकानात काय मागायचं, यावर निम्मं काम अवलंबून आहे. करी कट घेऊ नका. त्यात छातीचा, पाठीचा, मानेचा असे लहानमोठे तुकडे येतात. पातळ तुकडा आठ मिनिटांत होतो, मांडीचा जाड तुकडा वीस मिनिटं घेतो, म्हणजे एक जळणार नाहीतर दुसरा कच्चा राहणार. रश्शात ते खपून जातं, इथे खपत नाही. माझी पहिली पसंती बोनलेस थाय, म्हणजे मांडीचं हाड काढलेलं मांस. त्यात चरबी थोडी जास्त असते आणि दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तरी ते बिघडत नाही. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. पाहुणे असतील तर अख्ख्या तंगड्या घ्या. छातीचं मांस, म्हणजे ब्रेस्ट, डाएट करणाऱ्यांचं आवडतं असलं तरी सगळ्यात लवकर कोरडं पडणारं तेच. ते घ्यायचंच असेल तर आडवं चिरून सगळीकडे सारख्या, दोनेक सेंटीमीटर जाडीचं करून घ्या. आणि गावरान कोंबडी या यंत्रात घालू नका. वयाने मोठ्या, भरपूर फिरलेल्या पक्ष्याचं मांस चिवट असतं, ते मऊ व्हायला ओली आच आणि वेळ लागतो. तिची जागा पातेल्यात, रश्शातच आहे.

धुण्याबद्दलही बोलायला हवं. नळाच्या धारेखाली चिकन धुतलं की शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, शेजारी ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतात आणि त्यांच्याबरोबर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टरसारखे जिवाणूही पसरतात. ते मरतात शिजवल्यावर, धुतल्याने नाही. दुकानातून आलेल्या चिकनला रक्त, हाडांचा चुरा लागलेला असतो, त्यामुळे आपल्याकडे न धुता घेणं मनाला पटत नाही, हे मला समजतं. तर मग खोल पातेल्यात पाणी घेऊन त्यात तुकडे हलक्या हाताने बुडवून काढा, पाणी सावकाश ओता आणि नंतर सिंक व हात साबणाने धुवा.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. चिकन पुसा. चाळणीत निथळलं म्हणजे कोरडं झालं असं नाही. किचन टिश्यू घ्या किंवा याच कामासाठी ठेवलेलं, लगेच धुवायला टाकता येईल असं सुती फडकं घ्या, आणि एकेक तुकडा दाबून पुसा. मांडीच्या मांसात घड्या असतात, त्या उघडून आतूनही पुसा. बोट लावल्यावर ते घसरलं नाही, किंचित चिकटलं, की झालं.

मग मीठ. हाडं नसलेल्या अर्धा किलो चिकनला एक सपाट छोटा चमचा, म्हणजे साधारण सहा ग्रॅम. हाडासकट असेल तर पाऊण चमचा. मीठ लावल्यावर दहा-वीस मिनिटांत चिकनला पाणी सुटतं. नंतर ते खारं पाणी हळूहळू परत आत शोषलं जातं, आणि मिठामुळे मांसातली प्रथिनं सैल होऊन भाजताना पाणी धरून ठेवतात. म्हणून एकतर मीठ लावून लगेच भाजायला घ्या, नाहीतर किमान पाऊण तास थांबा. मधल्या वेळेत, पृष्ठभाग ओलागच्च असताना भाजणं सगळ्यात वाईट. नोकरी करणाऱ्यांसाठी सोपा मार्ग म्हणजे सकाळी चिकन पुसून मीठ आणि हळद लावायची, ताटलीत पसरून वर सैल झाकण ठेवून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवायचं. खालच्या कप्प्यात अशासाठी की रस गळला तरी दुसऱ्या कशावर पडणार नाही. संध्याकाळपर्यंत मीठ आतवर पोचलेलं असतं आणि फ्रिजच्या कोरड्या हवेने वरचा भागही सुकलेला असतो. घरी आल्यावर फक्त मसाला चोळायचा.

मसाला तेलात कालवून लावा. तिखटातला जाळ, हळदीचा रंग, गरम मसाल्याचा वास देणारी बहुतेक द्रव्यं पाण्यापेक्षा तेलात चांगली उतरतात. शिवाय कोरडा भुरभुरवलेला मसाला पंख्याच्या वाऱ्याने उडतो, कॉइलवर जाऊन बसतो आणि जळका वास घरभर होतो. अर्धा किलोला एक मोठा चमचा तेल, दीड ते दोन छोटे चमचे तुमचा नेहमीचा मसाला, अर्धा चमचा धणे-जिरे पूड, पाव चमचा मिरपूड, आणि एक छोटा चमचा तांदळाचं पीठ. पीठ एवढंसंच, पण ते उरलासुरला ओलावा धरतं आणि मसाला तुकड्याला चिकटून राहतो. हे सगळं वाटीत कालवल्यावर चमच्यावरून जड, सावकाश ओघळेल इतपत दाट व्हायला हवं. मग हाताने प्रत्येक तुकड्याला चोळा. थर इतका पातळ हवा की खालचं मांस अंधूक दिसलं पाहिजे.

आलं-लसणाचं काय, हा प्रश्न येणारच. लसणाचे कण १८०-२०० अंशांच्या वाऱ्यात काळे पडतात आणि कडवट लागतात. मी आलं-लसूण किसून मुठीत पिळते आणि फक्त रस मीठ लावतानाच चिकनला चोळते. चोथा डाळीच्या फोडणीत जातो. तयार पेस्ट वापरणार असाल तर अर्धा चमचाच घ्या आणि तीही मिठाबरोबर, आधी. दही घालायचं असेल तर पातळ दही नको, चक्का घ्या, दोन मोठे चमचे. दह्यातल्या आम्लाने मांस मऊ होतं आणि चक्क्यामुळे पाणी सुटत नाही. लिंबू मात्र ताटात वाढताना पिळा. तासन्‌तास लिंबाच्या रसात मुरलेल्या चिकनचा वरचा थर पिठूळ होतो. कच्च्या पपईचंही तेच, थोडी जास्त वेळ राहिली की मांसाचा लगदा होतो. कोवळ्या ब्रॉयलर चिकनला पपईची गरजच नसते.

भाजण्याआधी यंत्र रिकामं तीन-चार मिनिटं तापवून घ्या. काही यंत्रांच्या पुस्तिकेत गरज नाही असं लिहिलेलं असतं, पण गरम जाळीवर तुकडा ठेवला की खालची बाजू लगेच भाजायला लागते आणि चिकटत नाही. तुकडे एका थरात, बोटभर अंतर सोडून ठेवा. एकावर एक रचलं की हवेला वाट मिळत नाही आणि चिकन स्वतःच्याच वाफेत उकडतं. चार लिटरच्या बास्केटमध्ये साधारण अर्धा किलो बोनलेस चिकन नीट मावतं. चार माणसांसाठी दोन घाणे काढावे लागतील, त्याची तयारी ठेवा. दुसरा घाणा झाला की पहिला वरून दोन मिनिटं परत गरम करता येतो.

बोनलेस थाय १९० अंशांवर १२ ते १४ मिनिटं घेतं. आठव्या मिनिटाला बास्केट बाहेर ओढून तुकडे उलटा. त्या वेळी काय दिसतं ते नीट पाहा, कारण पुढचा अंदाज तिथेच येतो. मसाल्याचा रंग ओल्या लालवरून गडद विटकरी झालेला असेल, कडा किंचित आकसलेल्या असतील, वर तेलाचे बारीक थेंब चुरचुरत असतील, तर सगळं बरोबर चाललंय. तुकड्याभोवती पांढरट पाण्याचे ठिपके उकळताना दिसले तर पुसणं कमी पडलंय किंवा बास्केट जास्त भरलीय. अशा वेळी दोन-तीन तुकडे काढून ठेवा आणि तापमान २०० करा. ब्रेस्टचे दीड इंची तुकडे १९० अंशांवर नऊ-दहा मिनिटांत होतात, त्याहून जास्त ठेवू नका.

तंगडीची गोष्ट वेगळी. ती जाड असते, आत हाड असतं, आणि पहिल्यापासून २०० अंशांवर ठेवली तर मसाला जळून हाडाजवळ कच्ची राहते. दोन्ही बाजूंना हाडापर्यंत तीन-तीन चिरा द्या, मीठ-हळद चिरांच्या आत भरा. निम्मा मसाला लावून १७० अंशांवर १५-१६ मिनिटं भाजा, मध्ये एकदा उलटा. मग बाहेर काढून उरलेला मसाला तेलात कालवून ब्रशने लावा आणि २०० अंशांवर सहा ते आठ मिनिटं द्या. असा शेवटी लावलेला मसाला ताजा लागतो, त्याचा वास टिकतो. ब्रश मात्र कच्च्या चिकनला लागलेला नको, आणि मसाल्याचा हा दुसरा भाग आधीच वेगळ्या वाटीत काढून ठेवा. प्रत्येक यंत्राचा स्वभाव थोडा वेगळा असतो, त्यामुळे पहिल्यांदा करताना शेवटची चार मिनिटं जवळ उभं राहावं.

झालं की नाही, हे रंगावरून ठरवू नका. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे स्वयंपाकाचा टोचणारा थर्मामीटर. सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता टोचा. ७४ अंश आले की चिकन खायला सुरक्षित. ब्रेस्ट तिथेच थांबवा. मांडी आणि तंगडी मात्र ८० ते ८५ अंशांपर्यंत जाऊ द्या, कारण त्यातल्या चिवट ऊती त्या तापमानाला विरघळून मांस हाडापासून सुटतं. थर्मामीटर नसेल तर सुरीचं टोक हाडापाशी घालून दाबा. रस पारदर्शक निघायला हवा आणि मांस रबरासारखं ताणलं जायला नको. कोवळ्या ब्रॉयलरच्या, त्यातही फ्रोजन चिकनच्या, हाडालगत कधी कधी लालसर-जांभळट डाग राहतो. हाडाच्या मज्जेतला रंग बाहेर झिरपल्यामुळे तो येतो. तापमान गाठलेलं असेल तर त्या डागाला घाबरण्याचं कारण नाही. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं ताटलीत तसंच राहू द्या, लगेच कापलं तर रस वाहून जातो.

आता मसाल्यांकडे वळू, कारण खरी मजा तिथे आहे. आपल्याकडे इतके तयार, भाजून कुटलेले मसाले घरात असताना तंदुरी मसाल्याचं पाकीटच आणलं पाहिजे असं मुळीच नाही. पाकिटात मीठ असतं, तेव्हा ते वापरलंत तर वरचं मीठ निम्मं करा. मालवणी मसाला या कामाला फार चांगला. तो बारीक, कोरडा असतो आणि त्यातल्या धणे, बडीशेप, मिरीला भाजल्यावर आणखी सुगंध येतो. त्याला शेवटी कोकमाच्या आगळाचा छोटा चमचा फासा, लिंबापेक्षा वेगळाच आंबटपणा येतो. आगळात मीठ असतं हे विसरू नका. कोल्हापूर-साताऱ्याकडचा कांदा-लसूण मसाला चवीला जबरदस्त, पण त्यात कांदा, लसूण, सुकं खोबरं असल्यामुळे फार लवकर करपतो. तो कधीही सुरुवातीला लावू नका. चिकन मीठ-हळद-तेलावर जवळपास होऊ द्या, आणि शेवटच्या तीन-चार मिनिटांसाठी तेलात कालवून लावा. गोव्याचं कॅफ्रियल करायचं असेल तर कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, लसूण, मिरी, दालचिनी आणि थोडं व्हिनेगर घालून वाटा. हे वाटण ओलं असतं, तेव्हा ते चाळणीत दहा मिनिटं निथळून घट्ट भाग तंगडीच्या चिरांत भरा आणि खालचं पाणी बटाटे परतायला वापरा. हिरवा रंग थोडा काळपट होईल, चव बिघडत नाही. आणि मासे तळताना लावतो तसा रवा आणि तांदळाचं पीठ लावूनही बोनलेस तुकडे छान होतात, फक्त पिठावर तेलाचा ब्रश फिरवायला हवा, नाहीतर पांढरे कोरडे डाग राहतात. भज्यांसारखं पातळ पीठ मात्र नको, ते जाळीतून खाली गळतं. नागपूरकडचा सावजी मसाला मी यात वापरत नाही. तो तर्रीसाठी बांधलेला मसाला आहे, कोरड्या आचेत त्याचा जोर उगाच वाया जातो.

त्वचेसकट चिकन भाजताना चरबी खालच्या तापलेल्या ट्रेवर पडून पांढरा धूर येतो. जाळीच्या खाली दोन-तीन चमचे पाणी घालून ठेवलं की धूर थांबतो. बटर पेपर वापरायचा असेल तर रिकामं यंत्र तापवताना आत ठेवू नका. तो उडून कॉइलला चिकटतो आणि पेट घेऊ शकतो. वर चिकनचं वजन असेल तेव्हाच ठेवा, आणि त्याने सगळी जाळी झाकू नका. डब्यातला फवाऱ्याचा तेलाचा स्प्रे नॉनस्टिक थरावर चिकट पापुद्रा धरतो, त्यापेक्षा साधी स्प्रेची बाटली तेल भरून वापरा किंवा ब्रश घ्या. १५०० वॅटचं यंत्र साडेसहा अँपिअरच्या आसपास वीज ओढतं, म्हणून ते ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा स्वस्त एक्स्टेंशन बोर्डवर न लावता १६ अँपिअरच्या पॉइंटवर लावा. मागून गरम हवा बाहेर येते, तेव्हा भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवा.

जेवण झाल्यावर बास्केट अजून कोमट असतानाच त्यात गरम पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घालून ठेवा. अर्ध्या तासाने मऊ स्पंजने सगळं निघतं, तारेची घासणी लागत नाही. कॉइलवर मसाला उडाला असेल तर प्लग काढून, यंत्र पूर्ण थंड झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा. उरलेलं चिकन दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. दुसऱ्या दिवशी ते १६० अंशांवर चार-पाच मिनिटं चांगलं वाफाळेपर्यंत गरम करा, वरून पाण्याचा हलका हबका मारून. नाहीतर थंडच उभे पातळ काप करा, कच्चा कांदा, लिंबू आणि चिमूटभर मीठ घाला आणि पोळीत गुंडाळून डब्याला द्या.